सोमवारचा बॉयलर

५ फेब्रुवारी

चि. डबक्यास,
अ. उ. आ. आशीर्वाद अनेक आहेत, पण आज ते उत्तम निघतील याची खात्री नाही.

तुझा अहवाल मिळाला. एकशे बारा पानं, वर जाड निळं कव्हर आणि त्यावर 'सूक्ष्म शेवाळापासून बायोडिझेल : आर्थिक व्यवहार्यता'. नाव वाचतानाच मला धाप लागली. पण सख्ख्या भावानं अकरा वर्षं हौदातलं हिरवं पाणी ढवळून नेमकं काय केलं हे कळायला हवं, म्हणून गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून सगळा वाचला. तुमच्या शहराच्या तीनशे बसगाड्या तुझ्या शेवाळाच्या तेलावर धावणार, बस कंपनीची समिती २८ तारखेला त्यावर निर्णय घेणार आणि तेल डिझेलपेक्षा जरासं स्वस्तच पडणार, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? आई असती तर तिनं ते पुस्तक अख्ख्या गल्लीला दाखवून आणलं असतं.

मग मी आभाराचं पान उघडलं. त्यात तुझे गुरुजी आहेत, बस कंपनीचे साहेब आहेत, प्रयोगशाळेतली चौघं आहेत आणि सगळ्यात खाली 'थोरल्या भगिनीचा नैतिक पाठिंबा' आहे. नैतिक? अरे, सहा वर्षं झाली, दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तू टेम्पोत दहा कॅन हिरवा चिखल घालून माझ्या लाँड्रीत येतोस. तो उशांच्या अभ्र्यांत भरून माझ्या कपडे पिळायच्या यंत्रात गरागरा फिरवतोस. उरलेला लगदा ताटांत पसरून माझ्या वाळवणीच्या खोलीत ठेवतोस. एका हॉटेलचे बारा अभ्रे हिरवे झाले म्हणून मी त्यांची बोलणी खाल्ली आहेत. माझा पाठिंबा नैतिक नाही रे, तो गॅसवर चालतो.

तेही सोडलं. आभाराच्या पानावर माणूस काहीही लिहितो. पण पान अठ्ठावीस! 'वाळवण : खर्च शून्य. बॉयलरची टाकाऊ उष्णता उपलब्ध.' ही ओळ मी चष्मा पुसून तीनदा वाचली. टाकाऊ कुठली? सोमवारी माझी लाँड्री बंद असते हे तुला शेंबडा होतास तेव्हापासून माहीत आहे. बॉयलर थंडगार पडलेला असतो. तू अकराला येतोस तेव्हा तो तापलेला असतो, कारण मी सात वाजता येऊन, कुलूप काढून तो पेटवते. तुझ्या चिखलासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. तुला काय वाटलं, तो शनिवारपासून तुझी वाट बघत गरम बसतो?

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मग दोघंही म्हणतो की समोरच्यानं ऐकलं नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही. तर ते पान दुरुस्त कर आणि समितीला कळव.

तुझ्या मास्तरणीला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, पण तो पान अठ्ठावीस वगळून.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग अक्षरशः. तुझं पत्र वाचून आडवाच झालो आहे.

नैतिक हा शब्द मागे घेतो. हॉटेलच्या अभ्र्यांबद्दल तू मला कधी बोलली नव्हतीस, त्याचीही माफी मागतो.

बॉयलरचं खरंच माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी मी तुला विचारलं होतं की सोमवारी बॉयलर गरम असतो का, आणि तू म्हणाली होतीस, असतो की. मी ते तसंच लिहिलं. पुढे दर वर्षी तोच तक्ता पुढच्या वर्षात उतरवत गेलो. बाकीचे सगळे आकडे मी दहा दहा वेळा तपासले. पंप, हौद ढवळायचं चाक, तेल काढायचं द्रावण, मजुरी, सगळं. हा एकच तपासला नाही, कारण शून्यात तपासण्यासारखं काही असतं हे डोक्यातच आलं नाही.

पण ताई, यानं फार फरक पडत नाही. मोठा प्रकल्प उभा राहील तेव्हा शेजारच्या एखाद्या कारखान्याची वाया जाणारी वाफ घेता येईल. ओल्या शेवाळातूनच तेल काढायच्या पद्धतीवर जगभर काम चालू आहे. पाच वर्षांत ते साधेल. आत्ता गाडी सुरू होऊ दे, पुढचं पुढे बघता येतं.

शिवाय अहवाल छापून झाला आहे. चाळीस प्रती वाटल्या आहेत. आता मी उठून सांगायचं की माझं एक पान चुकलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. प्रयोगशाळा या निर्णयावर अवलंबून आहे. आम्ही पाच माणसं आहोत, त्यातल्या एकीचं गेल्याच महिन्यात लग्न ठरलं आणि एकाला जुळं झालंय. झाकली मूठ राहू दे. समितीतली मंडळी शेवटच्या पानावरचा आकडा बघणार. पान अठ्ठावीस कोणी वाचत नाही गं.

तुझ्याशिवाय, हे आता कळलं.

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, या महिन्यात मला तो लागणार आहे.

तुझा,
डबक्या

१४ फेब्रुवारी

चि. डबक्यास,
अ. आ. उत्तम हा शब्द गाळला आहे.

पाच वर्षांत! तुझ्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे केस काळे होते. अकरा वर्षांत तुझी पाच वर्षं एकदाही पुरी झालेली नाहीत.

आता मी काय सांगते ते ऐक. मला तुझं रसायनशास्त्र कळत नाही. पण तीस वर्षं मी एकच धंदा करते. लोकांच्या कपड्यांत पाणी घालते आणि ते बाहेर काढते. घालायला काही पडत नाही, नळ सोडला की झालं. सगळा खर्च काढायचा. यंत्रं त्यासाठी, बॉयलर त्यासाठी, गॅस त्यासाठी, माझे गुडघे गेले तेही त्यासाठी. आणि तुझंच पान अकरा म्हणतं की हजार लिटर पाण्यात अर्धा किलो शेवाळ असतं. म्हणजे तुझा धंदा आणि माझा धंदा एकच आहे रे. फरक इतकाच की मला शेवटी चादर मिळते आणि तुला चमचाभर तेल. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, आणि तू मसाला शून्य लिहून मोकळा झालास.

शेजारचा कारखाना कुठला? नकाशा पान नव्वदवर आहे. बस डेपोच्या एका बाजूला शाळा आहे, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि मागे दफनभूमी. त्या जागेत वाया जाणारी वाफ एकच, कँटीनच्या चहाची.

मी 'असतो की' म्हटलं, हे खरं आहे. घरच्या माणसाला कोण सांगतं की थांब बाबा, तुझ्यासाठी वेगळा पेटवलाय? पण तू शिकलेला. एकदा तरी हात लावून विचारायचं होतंस की हा आज कशाला तापलाय.

तुझ्या माणसांची काळजी मलाही आहे. पण उद्या ते चाळीस एकरांवर हौद खणतील, लोकांच्या पैशानं, आणि दोन वर्षांनी कळेल की तेल परवडत नाही. तेव्हा तुझी पाच माणसं जातीलच, वर त्यांचं नाव खराब होऊन जातील. आणि तुझं तर बघायलाच नको.

तू २८ तारखेच्या आत सांगितलं नाहीस तर मी सांगेन. समितीच्या अध्यक्षबाईंचा पत्ता अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

लोभाचं नंतर बघू.

ताई

१७ फेब्रुवारी

ति. वन्संना,
सा. न. वि. वि. हे पत्र मी शाळेतून लिहिते आहे, मधल्या सुट्टीत. घरी माहीत नाही.

तुमचं चौदा तारखेचं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही. उशीखाली ठेवलं होतं, चादर बदलताना मिळालं. वाचलं, माफ करा. आधी मला माझीच लाज वाटली. त्या अहवालातली प्रत्येक बेरीज मी तपासली आहे. वीस वर्षं गणित शिकवते. पण शून्य मिळवलं की बेरीज चुकत नाही, म्हणून मला काही दिसलं नाही.

इथली अवस्था सांगते. हे तीन दिवसांत धड जेवलेले नाहीत. काल एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरी घालून प्रयोगशाळेत गेले आणि तसेच परत आले. समितीला पत्र लिहायला बसतात, दोन ओळी लिहितात आणि फाडतात. केराच्या टोपलीत सात तुकडे मोजले. मी काही विचारलं की म्हणतात, तुला नाही कळायचं. मला कळतं. त्यांना खरं बोलायचंय आणि भीती वाटतेय, एवढंच आहे ते.

वन्सं, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तरी एक मागते. तुम्ही समितीला लिहू नका. त्यांनी स्वतः सांगितलं तर ते चुकलेले माणूस ठरतील, आणि चुकलेल्या माणसाला उद्या कामावर जाता येतं. तुम्ही सांगितलंत तर ते पकडलेले माणूस ठरतील. मग ते तुमच्याशी बोलणार नाहीत, तुम्ही त्यांच्याशी बोलणार नाही आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून जन्मभर निरोप पोचवत बसेन. मला ती हौस नाही.

लोभ आहे म्हणूनच इतकं स्पष्ट लिहिलं.

तुमची,
भावजय

२० फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,
अ. उ. आ. तुला मात्र सगळे उत्तमच.

समितीला पत्र लिहून झालं होतं, पाकीट बंद करून तिकीटही लावलं होतं. तुझं पत्र आलं आणि ते फाडलं. तिकीट तुझ्या नवऱ्याच्या नावावर.

त्याला सांग की येत्या सोमवारी नेहमीसारखे दहा कॅन घेऊन ये. पण अकराला नाही, सातला. हॉटेलांची गाठोडी तोलायचा मोठा वजनकाटा माझ्याकडे आहे. गॅसची टाकी आधी तोलायची आणि शेवाळ वाळल्यावर पुन्हा तोलायची. दोन्ही आकडे त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचे. मी तोंड उघडणार नाही. हे मला जमेल असं तुला वाटत नसेल, मलाही वाटत नाही. पण बघते.

पुढे तो काय करतो ते त्याचं तो ठरवेल. आणि चप्पल बघून घालायला सांग, वेंधळा कुठला.

तुम्हा दोघांवर लोभ आहे, त्याच्यावर रागासकट.

ताई

२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि. आज आडवा नाही, टेबलाशी ताठ बसून लिहितो आहे.

आधी तेलाचा हिशेब पुरा करतो, कारण सोमवारी मी निघालो तेव्हा तो अर्धाच होता. टाकीचं वजन सकाळी तेहेतीस किलो होतं, संध्याकाळी सव्वीस. सात किलो गॅस गेला. त्यातला जवळजवळ दीड किलो तर नुसता बॉयलर तापेपर्यंतच गेला, एकही ताट आत न ठेवता. ताटांतून निघालं दहा किलो कोरडं शेवाळ. ते इथे आणून मंगळवारी तेल काढलं. दोन किलो. सात किलो इंधन जाळून मी दोन किलो इंधन मिळवलं. लोक आवळा देऊन कोहळा काढतात, मी सहा वर्षं कोहळा जाळून आवळा काढत होतो.

तू खरंच काही बोलली नाहीस. दिवसभर समोर बसून चादरींच्या घड्या घालत होतीस. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर मी भांडलो असतो आणि कदाचित तसाच परत आलो असतो. तू गप्प बसलीस, म्हणून मला काट्याकडे बघावं लागलं.

परवाची सभा तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे माझा निळा अहवाल आणि पाण्याची बाटली. अध्यक्षबाईंनी शेवटचं पान उघडून ठेवलं होतं, मी म्हणालो होतो तसंच. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की पान अठ्ठावीस उघडा, ते चूक आहे. मग सगळं सांगितलं. वाळवणीचा खरा खर्च धरला तर तेल स्वस्त पडत नाही, डिझेलच्या तिप्पट पडतं. त्यांच्या एका इंजिनिअरनं विचारलं की दुसरी काही पद्धत नाही का. मी म्हणालो की असेल, लोक शोधत आहेत, पण माझ्या हातात आज नाही. पाच वर्षं हा शब्द जिभेवर आला होता. गिळला.

बाईंनी विचारलं की अहवाल तीन तज्ज्ञांनी तपासला होता, मग चूक कोणी काढली. मी म्हणालो, माझ्या बहिणीनं, तिची लाँड्री आहे. टेबलाच्या टोकाला कोणीतरी हसलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली नाही.

प्रकल्प नामंजूर झाला. प्रयोगशाळा या महिनाअखेर बंद. लग्न ठरलेली आणि जुळ्यांचा बाप, दोघांना बस कंपनीनं स्वतःच्या तेल तपासणीत घेतलं. बाकी दोघं शोधताहेत. मला पाणीपुरवठा खात्यानं बोलावलंय. त्यांच्या जलाशयात शेवाळ माजलंय आणि त्याचा नायनाट करणारा जाणकार हवाय. अकरा वर्षं ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्याला आता औषध घालून मारायचं. एक तारखेपासून.

हे सगळं झालं. आता माझा राग ऐक, मी तुझे ऐकले आहेत. पहिल्या महिन्यात तू माझ्या हातात एक बिल ठेवलं असतंस तर मला पहिल्याच वर्षी कळलं असतं. मी तेव्हाच मार्ग बदलला असता, ओल्या शेवाळावर काम केलं असतं, नाहीतर सोडून दिलं असतं. तुझ्या फुकटानं माझी सहा वर्षं खाल्ली, ताई. एक शब्द बोलायचा होतास. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी सातला उठून, गॅस जाळून, चकार शब्द काढला नाहीस. तू काही मुखदुर्बळ नाहीस. दुकानदारीत तू कोणाला एक बटण फुकट शिवून देत नाहीस. मग हे का? मला खरंच उत्तर हवंय.

लोभ ठेव आणि उत्तर दे. दोन्ही.

तुझा,
डबक्या

३१ मार्च

चि. डबक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. पहिले दहा दिवस राग आला होता आणि पुढचे वीस दिवस तो नक्की कोणावर आलाय ते ठरत नव्हतं.

आधी जे म्हणायला हवं ते म्हणते. सभेत उभा राहिलास, बरं केलंस. मास्तरणीनं मला फोनवर सगळं सांगितलं. आईनं हे ऐकलं असतं तर अख्ख्या गल्लीला हेच सांगितलं असतं, निळ्या पुस्तकाचं नाही. जलाशयाचं काम मन लावून कर. शेवाळाला तुझ्याइतकं ओळखणारा दुसरा कोण मिळणार आहे त्यांना?

आता तुझा प्रश्न. आज महिन्याचा शेवटचा सोमवार. मी सकाळी सातला गेले, कुलूप काढलं आणि बॉयलर पेटवला. तो पुरता तापला तेव्हा लक्षात आलं की आज कोणी यायचं नाहीये. मूर्ख बाई. दीड किलो गॅस गेला. बंद केला आणि गाठोड्यावर बसून राहिले, आणि तिथेच हे पत्र लिहायला घेतलं.

आई गेली, वर्षभरात तुझे भाऊजी गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत तू माझ्याकडे तीनदा आलास. तिन्ही वेळा दारातच म्हणालास की चारची गाडी पकडायची आहे. चहा ओतेपर्यंत दोनदा घड्याळ बघायचास. मी बोलले नाही, तुझी कामं मोठी, मला कळत होतं. मग एके दिवशी तू पहिला कॅन घेऊन आलास आणि विचारलंस की सोमवारी बॉयलर गरम असतो का.

शेवाळ वाळायला सहा तास लागतात, डबक्या. सहा तास तुला कुठे जाता येत नव्हतं. तू ताटं उलटीपालटी करायचास, मग माझ्यासमोर बसायचास, जेवायचास, मास्तरणीच्या तक्रारी सांगायचास, भाऊजींची आठवण काढायचास. एकदा गाठोड्यावर झोपलास आणि घोरलास. मी बिल दिलं असतं तर तू दुसरीकडे कुठे स्वस्तात वाळवलं असतंस. म्हणून 'असतो की' म्हणाले, आणि म्हणतच राहिले.

ते तुझ्या गणितात जाऊन बसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. पण तुझी सहा वर्षं गेली ती माझ्यामुळे गेली, अर्धी तरी. मला माफ कर. हा शब्द मी तुला आजवर कधी म्हटलेला नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा मागू नकोस.

आता वाळवायला काही नाही आणि तुला इथे अडकवून ठेवायला माझ्याकडे दुसरी युक्ती नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मी बॉयलर पेटवणार नाही. तरी ये. टेम्पो नको, कॅन नको. रिकाम्या हातानं ये आणि घड्याळ घरी ठेवून ये.

लोभ असावा, निदान सहा तास.

तुझी,
ताई